डब्यावरची बाई

—हो, मीच ती. डब्यावरची बाई मीच. हात सरळ ठेव, मूठ आवळ—आणखी घट्ट. चेहरा जुळत नाही ना? नाहीच जुळणार. तिथं मी नऊवारीत आहे, नाकात नथ आहे, पुढ्यात जातं आहे. इथं हा पांढरा कोट, हा चष्मा, आणि केसांना दोन महिने मेंदी नाही. झालं. टोचलेलं कळलंसुद्धा नाही ना? कापूस दाबून धर, चोळू नको. आता तो डबा दे इकडे. दे गं, खात नाही मी तुझा डबा. कितवा महिना?—पाचवा. आणि ह्या वड्या कधीपासून खातेयस?—दोन महिने. आणि सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या? बघ, मान खाली घातलीस. सोडल्यास. मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि ह्या डब्यावर छापलंय ‘गोळीशिवाय रक्तवाढ’—म्हणून सोडल्यास. बस. उठू नको लगेच. दुपारचं कोणी येत नाही इथं, जेलरोड झोपलेला असतो ह्या वेळेला. तुला ‘तू’ म्हणते हं, राग मानू नको, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

पहिली गोष्ट म्हणजे माझ्या घरात जातं कधी नव्हतंच. ते फोटोवाल्यानं कुठून तरी आणलं होतं. नथ चापाची, कारण माझं नाकच टोचलेलं नाही. मी एम.एस्सी. केमिस्ट्री. वर रक्त तपासायचा कोर्स केला तो नंतर. संजना पगारे, अंबडच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला एकोणीस वर्षं. म्हणजे काय करायचं? तर गोळीत जेवढं औषध आहे म्हणून पाकिटावर लिहिलंय, तेवढं खरंच आहे का ते बघायचं. बस, एवढंच. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचं खरंखोटं तपासलं—आणि चांगलं तपासलं हं, मी नापास केलेला माल कधी कोणी पास करून दाखवला नाही. मग कंपनीनं आमचा विभागच दुसऱ्या राज्यात हलवला, आम्हाला निरोप दिला, आणि मी ही लॅब टाकली. आता इथं बसून काय दिसायचं? आमच्या कॉलनीतल्या बायका. हिमोग्लोबिन साडेआठ, नऊ, आठ. आणि विचारलं की काय म्हणायच्या? ‘काही नाही ओ, जरा चक्कर येते.’ नवसाबाई म्हणून आहेत आमच्याकडे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे सफाईला जायच्या—घरी यायला दोन जिने, तर प्रत्येक वळणावर बसायच्या. गोळ्या देऊन ठेवल्या तर डब्यात तशाच. का घेत नाही? तर वास येतो, मळमळतं, संडासला काळं होतं. तुझ्यासारखंच.

मग माझ्या डोक्यात आलं, गोळीसारखी न दिसणारी वस्तू का करू नये? लोह तेच, फक्त खाऊच्या रूपात. पिंपळगावचे मनुके, नाचणी, तीळ, गूळ, लोह अंगाला लागावं म्हणून आवळा, आणि मोजून घातलेलं लोह—औषधात वापरतात तेच, एका वडीत वीस मिलिग्राम. सोपं वाटतं ना? पहिली खेप डांबरासारखी काळी. दुसरी खाल्ली की किल्ली चाटल्यासारखं तोंड. एक तर इतकी कडक झाली की आमच्या कॉलनीतल्या लताबाईंची दाढ हलली. अकराव्या खेपेला जमलं. आणि त्याच रविवारी गौरांग आला होता घरी.

गौरांग कोण? सांगते ना. पंचवटीतला. आजोबा, वडील यात्रेकरूंचे विधी करणारे, हा शिकला फार्मसी आणि अंबडला माझ्या हाताखाली लागला. बावीस वर्षांचा होता. ब्युरेट, ती रेघा मारलेली मापाची काचेची नळी, कशी वाचायची ते मी शिकवलंय त्याला—डोळा रेषेच्या समोर आणायचा, वरून बघायचं नाही, वरून बघितलं की आपल्याला हवा तो आकडा दिसतो. हे माझं वाक्य. तो लोकांना सांगायचा, ‘ताईंनी शिकवलं.’ माझ्या डब्यातलं खायचा, मला ताई म्हणायचा, दर भाऊबीजेला दारात. तेव्हा पुण्याला मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि म्हणाला, “ताई, हे तुमच्या स्वयंपाकघरात ठेवायची वस्तू नाही. पण आधी पुरावा लागेल.” पुरावा म्हणाला गं तो! मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, माझा विद्यार्थी आहे.

पुरावा कसा काढला—ऐक. आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की बायका थोड्या थांबतात. लताबाई महिला मंडळ बघतात, अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. त्यांनी बेचाळीस बायका उभ्या केल्या. तीन महिने, दिवसाला दोन वड्या, आणि वडी खाल्ल्यावर तासभर चहा नाही, चहानं लोह अंगाला लागत नाही. तर नवसाबाई म्हणतात, “चहा सोडायचा तर मला चक्करच बरी.” हसून हसून पुरेवाट. पण सोडला त्यांनी. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी—तीनदा प्रत्येकीचं रक्त घेतलं, सगळे आकडे वहीत, माझ्या अक्षरात. सरासरी नऊ पॉइंट एकवरून दहा पॉइंट आठ. आणि हे नुसते आकडे नाहीत हं—नवसाबाई दोन जिने न बसता चढल्या आणि वरून ओरडल्या, “संजना, बघ गं!” मी खाली उभी राहून रडले. गौरांगनं तिथंच वाकून नमस्कार केला मला. सगळ्यांसमोर.

मग त्यानं नोकरी सोडली, कंपनी काढली, मला भागीदार केलं. ‘लोहमाय’ हे नाव त्याचं. आणि मग तो फोटोचा दिवस. मी आपली कोट घालून, वही घेऊन गेले. तर म्हणतो, “ताई, कोट नको.” का नको? “शास्त्र विकत नाही ताई. परंपरा विकते.” मी म्हटलं, अरे पण परंपरा कसली, अकरा खेपा मी मागच्या वर्षी केल्या! तर हसला. आणि डब्यावर काय आलं बघ, वाच—‘संजनाताईंच्या घराण्यातली सात पिढ्यांची कृती’. माझ्या सात पिढ्या! माझ्या आजीनं मनुका बघितला तो दवाखान्यात, कोणीतरी आजाऱ्याला आणलेला. आणि नुसतं संजनाताई. पगारे कुठं गेलं? विचारलं मी. म्हणाला, “डब्यावर जागा कमी आहे, ताई.” जागा कमी. सात पिढ्या मावल्या, तीन अक्षरं मावली नाहीत. मला कळलं गं तेव्हाच, काय समजायचं ते कळलं. पण गप्प बसले. का? कारण डब्याच्या मागे आमच्या बायकांचे आकडे होते—नऊ पॉइंट एक ते दहा पॉइंट आठ—आणि ते खरे होते. म्हटलं पुढची बाजू खोटी असू दे, मागची खरी आहे ना? अशी मी स्वतःची समजूत घातली.

आणि चाललं की जोरात. वर्षभर. मग लोहाचा स्वभाव आडवा आला. लोह आणि तीळ एकत्र आले की तेल खवट होतं. चार महिने डबा चांगला, पाचव्या महिन्यात वास. दुकानदार म्हणायचे, वर्षभर टिकणारी द्या. मी म्हटलं, तीळ काढू, करून बघू, मला सहा महिने द्या. गौरांगला सहा महिने नव्हते. त्यानं काय काढलं? तीळ नाही काढला—चव तिळानं होती. लोह काढलं. हो! लोहमायमधलं लोह. आणि मला पत्तासुद्धा नाही. डबा तोच, माझा फोटो तोच, मागचे आमच्या बायकांचे आकडे तेच, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात हे—बघ, डोळ्यांजवळ धर—‘लोह: नैसर्गिक घटकांतून’. म्हणजे नाचणीत आणि मनुक्यात असतं तेवढं. चिमूटभर.

मला कसं कळलं? नाकानं. जूनमध्ये सहज घरातला एक डबा उघडला, सात महिन्यांचा. वास घेतला—आणि वास चांगला होता गं! मनुक्याचा, गुळाचा, गोड. सात महिन्यांनी खवट व्हायला पाहिजे होता, झालाच नव्हता. दोन वड्या घेतल्या, जाळून राख केली, आम्लात विरघळवली, गाळली. त्यावर एक रसायन घालतात, लोह असलं की रक्तासारखा लालभडक रंग येतो—आमच्या पहिल्या वड्यांना इतका यायचा की काचेतून पलीकडचं दिसायचं नाही. ह्या वड्यांना काय आला? फिकट गुलाबी. पाण्यात कुंकवाचं बोट बुडवावं तेवढा. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. शेजारी जुनी वही उघडून बसले होते, बेचाळीस नावं, आणि हातात ती गुलाबी नळी.

गेले ना, दुसऱ्याच दिवशी गेले त्याच्याकडे पुण्याला. नळी बरोबर घेऊन गेले, टेबलावर ठेवली. म्हटलं, “गौरांग, डोळा रेषेच्या समोर आणून सांग, हे काय आहे.” तो बघेचना. पाणी मागवलं माझ्यासाठी. मग म्हणाला, “ताई, आपण बोललो होतो ह्यावर.” आणि फाईल काढली, त्यातून कागद, त्यावर माझी सही. म्हणाला, “तक्रार करायची तर करा, पण पहिलं नाव तुमचं येईल, आणि मला ते बघवणार नाही.” बघवणार नाही म्हणे! माझ्या डब्यातलं खाल्लेलं पोर—

काय? सही कशाची?

बरं. पत्ताच नव्हता असं नाही. दिवाळीत त्यानं कागद पाठवला होता. ‘लोहाचे प्रमाण तात्पुरते कमी करणे.’ कमी—काढून टाकणे नाही, कमी. फोनवर म्हणाला, “मार्चपर्यंत ताई, फक्त मार्चपर्यंत, मग आवरण दिलेलं लोह येतंय, खवटपणाच राहणार नाही.” मला पटलं. आवरण दिलेलं लोह असतं, खोटं नाही ते. पण किती कमी ते मी विचारलं नाही. मी! एकोणीस वर्षं जिनं लोकांना एकच प्रश्न विचारला—किती?—तिनं विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण पुढच्याच रविवारी विहारात माझा सत्कार होता. बेचाळीस बायका नव्या साड्या नेसून येणार होत्या. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर मला तिथं उभं राहून सांगावं लागलं असतं. सही केली आणि सत्काराला गेले. छान झाला सत्कार.

आणि मार्च आला आणि गेला. मी फोन केला का? नाही.

कापूस काढ आता, रक्त थांबलं असेल. पाणी पी. तुझं तोंड उतरलंय गं—घाबरू नको, पाचवाच महिना आहे, वेळ गेलेली नाही. आजच गोळ्या सुरू कर, जेवणानंतर घे, लिंबू पिळून पाणी पी वर. मळमळलं तर डॉक्टरांना सांग, गोळी बदलून देतात, पण स्वतःच्या मनानं सोडायची नाही. माझी पहिली, खरी वडीसुद्धा पोटुशीला गोळीऐवजी नव्हतीच. गोळीबरोबर खायची. हे मला माहीत होतं. हे मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवलंय—‘गरोदर स्त्रियांनी गोळी चालू ठेवावी.’ डब्यावर नाही आलं ते. आणि—

पायल माझी भाची. माझा भाऊ बुद्धभूषण, त्याची मुलगी. देवळाली कॅम्पात दिली, संघर्ष म्हणून जावई, गुणी मुलगा आहे. पायल लहानपणी माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसायची सुट्टीत, लिटमसचे कागद घरी न्यायची. तर गेल्या जानेवारीत तिला दिवस राहिले होते, तिसरा महिना, आणि मी पुण्याला एका प्रदर्शनात. नऊवारी, नथ, सगळा थाट, पुढ्यात ते जातं, भोवती दहा-बारा गिऱ्हाईक बायका, माझ्याबरोबर फोटो काढतायत. तेवढ्यात तिचा फोन. “आत्या, गोळीनं उलट्या होतात गं. गोळी बंद करून तुझी वडी खाल्ली तर चालेल ना?” मोठ्यानं बोलत होती, शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं. सगळ्या माझ्याकडे बघतायत. मी काय म्हणायला हवं होतं? नाही. एक शब्द. थांब, बाजूला जाऊन बोलते—एवढं तरी. आणि मी काय म्हटलं? हसून म्हटलं, “चालेल गं. आपलीच तर आहे.” त्या बायका कौतुकानं हसल्या. एकीनं तिथंच दोन डबे घेतले.

रात्री फोन करून सांगीन म्हटलं. मग उद्या म्हटलं. मग ती म्हणाली बरं वाटतंय, उलट्या थांबल्या—थांबणारच, गोळी बंद केली ना. मग मला वाटलं कमी असलं तरी थोडं लोह आहेच की वडीत. दर महिन्याला कंपनीकडून माझ्या घरी डबे यायचे, ते मीच पोचवायचे देवळालीला. बसनं जायचे. स्वतःच्या हातानं.

जूनमध्ये, आठवा महिना. धाप लागली म्हणून दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन पाच पॉइंट चार. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या घेत होतीस का, तर पायलनं पिशवीतून हा डबा काढला. त्यांनी डबा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा डबा. दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या, रक्त थांबेना. चार पिशव्या रक्त चढवलं. संघर्ष भिंतीला डोकं टेकून उभा होता, बुद्धभूषण रक्तपेढीच्या खेपा घालत होता, आणि मी—माझा रक्तगट जुळत होता, तर माझं रक्त घेतलं नाही, बीपी वाढलेलं म्हणाले. वाचली. पोर पण वाचली. एक किलो सातशे ग्रॅम, तेवीस दिवस काचेच्या पेटीत. तो डबा मी सहज उघडला म्हटलं ना मघाशी? सहज नाही. दवाखान्यातून घरी आले होते, हात धुतले नव्हते, आणि कपाट उघडलं.

आणि पायल काय म्हणाली मला, माहितेय? शुद्धीवर आल्यावर, सलाईन चालू असताना माझा हात धरून म्हणते, “आत्या, वडी माझ्याच अंगाला लागली नसेल गं. तू मनाला लावून घेऊ नको.” तिच्या अंगाला! त्या पोरीला वाटतं खोट तिच्या अंगात आहे.

पुण्याहून आले त्या दिवशी लताबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. सही, सत्कार, सगळं. त्या ऐकत होत्या. शेवटी आपलं बोट पुढं केलं, असं, आणि म्हणाल्या, “ह्या बोटातलं रक्त तीनदा दिलं तुला, संजना. एकदा विचारलं नाही कशाला पाहिजे म्हणून.” चपला घातल्या आणि निघाल्या. बेचाळीस घरं त्यांनी स्वतः फिरून सांगितलं, मला बरोबर घेतलं नाही. मग मी तक्रार केली, माझी सही असलेला कागद जोडून केली—पहिलं नाव माझं तर माझं. अन्न-औषध खात्याचा माणूस येऊन नमुने घेऊन गेला. अहवाल आला, लेबलवर जे लिहिलंय ते डब्यात आहे. ‘नैसर्गिक घटकांतून’—आहेच की. गौरांगनं काही लढाई नाही केली. नुसता डब्यावरून माझा फोटो काढून टाकला. तुझा डबा जुन्या छपाईचा आहे. नव्यावर दुसरी बाई आहे, माझ्यापेक्षा देखणी. आकडे मात्र तेच. आमच्या बायकांचं रक्त अजून छापतोय तो. मी समजू शकते गं, धंदा असतो—नाही, नाही समजू शकत. मी शिकवलं होतं त्याला. वरून बघायचं नाही म्हणून मी शिकवलं होतं—

काय म्हणालीस?

पायलला सांगितलं का—

ती येते ना. दर पंधरा दिवसांनी येते, मुलीला घेऊन. छान आहे मुलगी, बाळसं धरलंय. माझ्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, आजीकडे बस. लताबाई देवळालीला जात नाहीत, बुद्धभूषणला कॉलनीतलं कोणी काही बोललं नाही, आणि मी दर वेळी चहा ठेवते आणि—

चार वाजले. तुम्ही निघा आता. रिपोर्ट सहाला तयार होईल. मिस्टरांना पाठवा, सासूबाईंना पाठवा, कोणालाही पाठवा. तुम्ही स्वतः येऊ नका.